जगाचा नकाशा विणायचाय, पण कुठला?

ताणाबाणा (धागाकर्ता), शनिवार रात्री १०:२०

मंडळी, नमस्कार. दोन वर्षं इथं नुसता वाचत होतो. आज एका ठिकाणी अडलोय म्हणून लिहायला बसलो.

मी सोलापुरात जकार्डची डिझाइनं काढतो. अक्कलकोट रोडला आमचे थोडे माग आहेत. चादर आणि टॉवेल हे रोजचं काम, पण भिंतीवर लावायची वॉल हँगिंगंही आम्ही विणतो. त्यात मोर, गणपती, महाराजांची मूर्ती असं काही असतं. गेल्या महिन्यात एका शाळेनं वेगळीच मागणी दिली. भूगोलाच्या खोलीसाठी जगाचा नकाशा विणून हवाय, ९० इंच रुंद. काम हातात आलं तेव्हा वाटलं, यात काय एवढं? नकाशा तयारच असतो, तो ग्राफवर उतरवायचा, रंग वाटून द्यायचे, झालं.

आधी ३० इंचाचा छोटा नमुना काढला. ताणा (उभे धागे) इंचाला ४० आणि बाणा (आडवे धागे) इंचाला ३० होता, आणि घाईत साधा चौकोनी घरांचा ग्राफ घेतला. विणकामातल्या लोकांना कळलं असेल काय झालं ते. ग्राफवर १२० घरं रुंद आणि १२० घरं उंच असं गोल काढलं, तर कापडावर ते ३ इंच रुंद आणि ४ इंच उंच येतं. म्हणजे अंडं. म्हणून तर आपण रीड-पिक, म्हणजे इंचाला उभे-आडवे धागे किती ते बघून ग्राफची घरं आखतो. तर नमुन्यात आफ्रिका उभी ताणली गेली. मी तो बाजूला टाकणार होतो, एवढ्यात शाळेतल्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा तर पीटर्सच्या नकाशासारखा दिसतोय."

पीटर्स कोण ते मला माहीत नव्हतं. घरी येऊन बघत बसलो, तर त्याचा नकाशा देशांची क्षेत्रफळं खऱ्या प्रमाणात दाखवणारा निघाला. रात्रीचे दोन वाजले. लहानपणापासून भिंतीवर जो नकाशा बघितला त्यात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसायचं. प्रत्यक्षात ग्रीनलँड २१.६६ लाख चौ. किमी आहे आणि आफ्रिका ३ कोटी चौ. किमीच्या वर, म्हणजे जवळजवळ चौदा पट. आणि मला खरा धक्का बसला तो पुढं. आपला भारत ३२.८७ लाख चौ. किमी आहे. ग्रीनलँडपेक्षा दीडपट मोठा! पन्नाशीला आलो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता प्रश्न असा. हे कापड वर्गात वीस-पंचवीस वर्षं टांगलेलं राहणार. मुलं रोज ते बघणार. मग कुठला नकाशा विणू? जाणत्यांनी सांगा.

भूगोलबाई, शनिवार रात्री ११:०५

दादा, एवढ्या काळजीनं हा प्रश्न विचारलात याचंच फार बरं वाटलं. पंढरपूरजवळच्या एका शाळेत मी भूगोल शिकवते.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. बरोबर नकाशा शोधू नका, तो नाहीच. तुमच्याच घरातलं उदाहरण घ्या. माठावर चादर टाका आणि एकही चुणी न पडता ती माठाला चिकटवून दाखवा. जमत नाही. चुण्या घालाव्या लागतात, नाहीतर कापड ताणावं लागतं. उलट्या बाजूनं तेच. गोलाचा पृष्ठभाग सपाट करायचा तर कुठंतरी फाडायचं किंवा कुठंतरी ताणायचं. गाऊस नावाच्या जर्मन गणितज्ञानं १८२७ मध्ये हे सिद्धच करून ठेवलंय. सपाट कागद गुंडाळून नळी होते, शंकू होतो, पण गोल होत नाही.

म्हणून नकाशा काढणारा आधी ठरवतो की काय राखायचं. क्षेत्रफळ राखलं तर आकार बिघडतात. छोट्या छोट्या भागांचे आकार आणि कोन राखले तर क्षेत्रफळ हाताबाहेर जातं. एका बिंदूपासूनची सगळी अंतरं खरी ठेवता येतात, पण मग बाकीच्या बिंदूंमधली अंतरं चुकतात. संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्यावरचा नकाशा या शेवटच्या जातीचा आहे, मधोमध उत्तर ध्रुव ठेवून काढलेला.

वर्गात मी टिकल्यांचा प्रयोग करते. पृथ्वीगोलावर विषुववृत्तापासून ध्रुवाकडे एकाच मापाच्या गोल टिकल्या लावायच्या. मग मुलांना विचारायचं, भिंतीवरच्या नकाशात यातली प्रत्येक टिकली केवढी आणि कशी दिसेल? शाळेच्या भिंतीवर नेहमी असतो तो मर्केटरचा नकाशा, त्यात सगळ्या गोलच राहतात, पण वर जाता जाता टिकलीची बशी होते आणि बशीचं ताट. पीटर्सच्या नकाशात सगळ्यांचं क्षेत्रफळ सारखंच राहतं, पण विषुववृत्तावरची टिकली उभ्या अंड्यासारखी होते आणि ध्रुवाजवळची आडवी चपटी. तिसो नावाच्या फ्रेंच माणसानं एकोणिसाव्या शतकात ही युक्ती काढली. त्यानं टिकल्या वापरल्या नव्हत्या, वर्तुळं वापरली होती, पण पोरींना टिकली लगेच कळते.

सातरस्ता, शनिवार रात्री ११:३१

यात शोधायचं काय? युरोपच्या लोकांनी स्वतःचे देश मोठे दाखवायला तो नकाशा काढला आणि आपल्या गळ्यात मारला. पीटर्सचा विणा आणि मोकळे व्हा.

दर्यावर्दी, रविवार सकाळी ७:४०

सातरस्ता, थोडं थांबा. मी सोलापूरचा, पण सव्वीस वर्षं जहाजावर काढलीत. मर्केटरवर झालेला हा आरोप मला पटत नाही, आणि का ते नीट सांगतो.

गेरार्डस मर्केटरनं तो नकाशा १५६९ मध्ये काढला. १८ तुकड्यांत छापलेला, जोडल्यावर दोन मीटर रुंद. त्यानं नकाशावरच लिहिलंय की हा खलाशांच्या उपयोगासाठी आहे. त्या काळी जहाजावर होकायंत्र होतं, पण आपण नक्की कुठल्या रेखांशावर आहोत हे कळायची सोय नव्हती. अशा माणसाला काय हवं? नकाशावर पट्टी ठेवून इथून तिथं सरळ रेघ मारायची, त्या रेघेचा उत्तरेशी कोन मोजायचा आणि तोच कोन होकायंत्रावर धरून दिवसेंदिवस चालत राहायचं. ही सोय फक्त मर्केटरच्या नकाशात आहे. त्यासाठी त्याला एक किंमत मोजावी लागली. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात, पण त्यानं ती समांतर ठेवली. म्हणजे पूर्व-पश्चिम ताण पडला. कोन बिघडू नये म्हणून जेवढा आडवा ताण तेवढाच उभा ताणही त्याला द्यावा लागला. ६० अंशावर हा ताण दुप्पट होतो, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. ध्रुवावर तो अनंत होतो, म्हणून मर्केटरच्या नकाशात ध्रुव कधीच दाखवता येत नाही.

ताणाबाणा, तुमच्या भाषेत सांगायचं तर त्यानं प्रत्येक अक्षांशाला ताण्याची जेवढी घनता बदलली, तेवढीच बाण्याची बदलत नेली. म्हणून त्याचं गोल कुठंही गोलच राहिलं.

चार्टवर आम्ही अंतर मोजायचो तेही खालच्या पट्टीवर कधी मोजत नव्हतो. कडेच्या अक्षांशांच्या पट्टीवर, आणि तेही ज्या भागात जहाज आहे त्याच उंचीवर. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. नकाशा कुठं ताणलेला आहे हे खलाशाला पहिल्या दिवशी शिकवतात. शाळेच्या भिंतीवर तो टांगताना ते कुणी शिकवलं नाही. दोष असेल तर तिथं आहे. समुद्रावरचं हत्यार वर्गात आणून ठेवलं आणि ते कशासाठी आहे हे सांगायचं राहून गेलं.

सातरस्ता, रविवार सकाळी ९:१५

हे मला माहीत नव्हतं. आरोप मागे घेतो. पण परिणाम तोच झाला ना? मुलांच्या डोक्यात युरोप मोठा आणि आफ्रिका बारकी.

भूगोलबाई, रविवार सकाळी १०:०२

परिणामाबद्दल तुमचं म्हणणं रास्तच आहे. घरचं उदाहरण देते. महाराष्ट्र ३.०८ लाख चौ. किमी. नॉर्वेची मुख्य भूमी ३.२४ लाखाच्या आसपास. म्हणजे जवळजवळ सारखेच. मर्केटरच्या नकाशात नॉर्वे महाराष्ट्राच्या साधारण पाचपट दिसतो. मुलांना मी आधी नकाशा दाखवून अंदाज विचारते आणि मग आकडे फळ्यावर लिहिते. वर्ग शांत होतो.

शिवाय भिंतीवरचे जुने नकाशे खालून कापलेले असतात. अंटार्क्टिका अर्धवट ठेवतात, त्यामुळं विषुववृत्त मधोमध न येता बरंच खाली येतं. वरचा अर्धा भाग जास्तच भरलेला वाटतो. यात मर्केटरचा हात नाही, कापणाऱ्याचा आहे.

पीटर्सबद्दलही सांगते. आर्नो पीटर्स या जर्मन इतिहासकारानं १९७३ मध्ये पत्रकारांसमोर तो नकाशा मांडला आणि म्हटलं, गरीब देशांना आता त्यांची खरी जागा मिळेल. नकाशाशास्त्रज्ञ चिडले. कारण जेम्स गॉल नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकानं तीच रचना १८५५ मध्ये मांडलेली होती, आणि समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ राखणारे नकाशे त्याआधीही होते. १८०५ चं मॉलवाइडचं प्रक्षेपण (गोल सपाट करायची रीत) आहेच. तरी एक श्रेय मी पीटर्सला देते. नकाशा निवडणं हाही एक निर्णय असतो, हे त्यानं सामान्य माणसाच्या कानावर घातलं. पण त्याच्या नकाशात विषुववृत्तावरचा प्रत्येक देश रुंदीच्या दुप्पट उंच ताणला जातो. ज्या आफ्रिकेला न्याय द्यायचा तिचाच चेहरा ओढल्यासारखा होतो. माझ्या मनाला ते पटत नाही.

ताणाबाणा, रविवार दुपारी १२:४८

बाई, म्हणजे माझ्या नमुन्यात आणि पीटर्समध्ये फरक आहे, बरोबर ना? माझ्या चुकीत सगळं कापड वरपासून खालपर्यंत सारखंच ताणलं गेलं. पीटर्समध्ये मध्ये उभं ताणलंय आणि ध्रुवाकडे चपटं होत गेलंय.

भूगोलबाई, रविवार दुपारी १:१०

अगदी बरोबर. ४५ अंशावर त्याचे आकार खरे आहेत. त्याच्या खाली उभा ताण, वर आडवा. ६० अंशावर दुप्पट रुंद. आपल्या सोलापूरच्या साडेसतरा-अठरा अंशांवर उंची रुंदीच्या सुमारे १.८ पट.

विजापूरवेस, रविवार दुपारी ३:२५

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण याच धाग्यात बसेल. घराचं बांधकाम चाललंय आणि नमाजाच्या खोलीची दिशा ठरवायचीय. वडील म्हणतात, आपल्याकडं किब्ला (नमाजासाठी मक्केकडची दिशा) पश्चिमेला. मी नकाशावर सोलापूर ते मक्का पट्टी ठेवली तर पश्चिमेच्या किंचित उत्तरेला आलं. मोबाइलमधलं ॲप त्याहून जास्त उत्तरेला दाखवतंय. कुणाचं खरं धरू?

दर्यावर्दी, रविवार दुपारी ४:३०

भाई, फार चांगला प्रश्न. गणित करून बघितलं.

सोलापूर १७.६७ उत्तर, ७५.९ पूर्व. मक्का २१.४ उत्तर, ३९.८ पूर्व. मर्केटरवर सरळ रेघ मारली तर ती पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण ६ अंश कलते. पण ती रेघ सगळ्यात जवळची वाट नाही, एकाच कोनात चालत राहण्याची वाट आहे. गोलावरची सगळ्यात जवळची वाट निघताना पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण १२ अंश कलते. किब्ला या जवळच्या वाटेवरून धरतात, आणि ॲप तेच दाखवतंय. तुमची पट्टी चुकली नाही, नकाशा वेगळ्या कामाचा होता.

पडताळून बघायचं असेल तर पृथ्वीगोलावर दोरा ताणा, एक टोक सोलापूरवर आणि एक मक्केवर. दोरा आपोआप जवळची वाट धरतो. आणि होकायंत्रानं दिशा घेताना लोखंडी सळ्यांपासून लांब उभे राहा, बांधकामावर हे हमखास विसरतं.

या कामासाठी वेगळा नकाशाही निघालाय. इजिप्तमध्ये काम करणाऱ्या क्रेग यांनी १९०९ मध्ये असं प्रक्षेपण काढलं की नकाशावरच्या कुठल्याही गावाहून मक्केची दिशा थेट कोनमापकानं मोजता यावी. देशांचे आकार त्यात विचित्र होतात, पण ते त्या नकाशाचं कामच नाही.

विजापूरवेस, रविवार संध्याकाळी ६:५५

शुक्रिया. मुलीच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून वडिलांना दाखवला. ते बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, मिस्त्रीला उद्या बोलावून घे.

चिंचोळी, रविवार रात्री ८:१२

हाच दोरा मी विमानाच्या बाबतीत वापरला होता. मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला असते. तिकडून विमान भारतात येताना उत्तर ध्रुवाजवळून कसं येतं हे तिच्या आईला कळेना. २०२१ च्या जानेवारीत एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला विमान आणलं तेही ध्रुवावरून. सपाट नकाशात तो मोठा वळसा वाटतो. गोलावर दोरा धरला की तीच सरळ वाट.

मोजणीदार, रविवार रात्री ९:५०

भूमी अभिलेखमधून निवृत्त झालोय. शंकू, साखळी, प्लेन टेबल ते आताचं जीपीएस, सगळं हाताखालून गेलं. तुम्ही जगाच्या नकाशाबद्दल बोलताय, पण मर्केटर आपल्या शेताच्या बांधापर्यंत आलेला आहे, ते सांगावंसं वाटलं.

भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ चा. १८०२ मध्ये लॅम्बटन साहेबानं मद्रासजवळ पायारेषा (जमिनीवर नेमकी मोजलेली पहिली रेघ) मोजून त्रिकोणांची साखळी सुरू केली आणि ७८ रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे नेली. तो १८२३ मध्ये वारला तो आपल्या महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, आणि तिथंच त्याला पुरलं. बदलीच्या काळात मी तिथं जाऊन आलो. एवढ्या मोठ्या कामाचा माणूस, आणि रस्त्यावरच्या कुणाला विचारलं तर माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

या मोजणीवरून जे स्थलदर्शक नकाशे निघाले त्यात सोलापूर शहर ४७-ओ/१४ या पानावर येतं. जुनी पानं बहुशंकू प्रक्षेपणाची आहेत, म्हणजे गोलाला बरेच शंकू टेकवून काढलेली. एक पान १५ मिनिटांचं, एवढ्याशा भागात गोलाई जवळजवळ जाणवत नाही. नव्या पानांसाठी यूटीएम वापरतात. मर्केटरचा नकाशा म्हणजे पृथ्वीभोवती गुंडाळलेली कागदाची नळी समजा. यूटीएम म्हणजे ती नळी आडवी करून पृथ्वीवर चढवायची. विषुववृत्ताला टेकवण्याऐवजी एका रेखावृत्ताला टेकवायची. पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे ६० पट्टे केलेत. आपण ४३ व्या पट्ट्यात, त्याची मधली रेघ ७५ अंश पूर्व. सोलापूर त्या रेघेपासून जेमतेम एक अंशावर. त्यामुळं इथं एका किलोमीटरमागे नकाशातलं अंतर सुमारे ३० सेंटिमीटर कमी भरतं, बस. तेही गणितानं दुरुस्त करता येतं.

मर्केटर ग्रीनलँडला फसवतो हे खरं. पण नळी योग्य जागी टेकवली तर गुंठ्याच्या हिशोबालाही तोच चालतो.

सातरस्ता, रविवार रात्री १०:२०

काका, मग मोबाइलमधल्या नकाशातही तोच?

मोजणीदार, रविवार रात्री १०:४१

जवळजवळ तोच, थोडा सोपा केलेला. कारण साधं आहे. नवी पेठेतला चौक काटकोनी असेल तर पडद्यावरही काटकोनी दिसायला हवा, आणि नॉर्वेतल्या गावातला चौकही. कोन राखणारा नकाशा असल्याशिवाय ते होत नाही. तो ८५ अंशांच्या थोडं वर कापला की संपूर्ण जग बरोबर चौकोनात बसतं, आणि चौकोनाचे चार-चार तुकडे करत खाली उतरत जाता येतं. गुगलनं २०१८ पासून संगणकावर पूर्ण मागं गेलं की पृथ्वीगोल दाखवायला सुरुवात केली, ते फार चांगलं केलं.

ताणाबाणा, सोमवार रात्री ९:३०

दिवसभर मागावर हाच विषय डोक्यात होता. सगळ्यांचे आभार. मोजणीदार काका, हिंगणघाटला आमचं सूत घ्यायला जाणं होतं, पुढच्या खेपेला लॅम्बटनची जागा नक्की बघून येईन.

माझ्या मनानं एवढं घेतलं की वर्गाला समुद्रात जहाज हाकायचं नाही आणि चौकही शोधायचा नाही. वर्गाला कुठला देश केवढा आहे ते कळलं पाहिजे. म्हणून क्षेत्रफळ राखणारा हवा. पण आफ्रिका ओढलेली नको.

भूगोलबाई, सोमवार रात्री ९:५५

मग "इक्वल अर्थ" बघा. २०१८ मध्ये शाव्रिच, पॅटरसन आणि येनी या तिघांनी काढला. क्षेत्रफळं तंतोतंत, कडा बाहेर वळलेल्या, आणि आकार डोळ्याला खुपत नाहीत. दिसायला रॉबिन्सनसारखा. रॉबिन्सनचा १९६३ चा, नॅशनल जिऑग्राफिकनं १९८८ ते १९९८ वापरला, पण त्यात क्षेत्रफळ नेमकं राहत नाही, सगळंच थोडं थोडं चुकवून मेळ घातलाय. २०२५ मध्ये आफ्रिकन युनियननं मर्केटरऐवजी इक्वल अर्थ वापरा या मोहिमेला पाठिंबा दिला, त्याची बातमी मी वर्गात वाचून दाखवली होती.

ताणाबाणा, मंगळवार रात्री ११:१५

बघितला. आवडला. रुंदी उंचीच्या दुपटीपेक्षा किंचित जास्त, म्हणजे ९० इंचाला ४४ इंच उंची. किनार धरून ५४. आमच्या मागाच्या रुंदीत बसतो, फक्त नकाशा आडवा पाडून विणावा लागेल. म्हणजे ताणा पूर्व-पश्चिम धावणार, आणि कापड एका बाजूनं सुरू होऊन दुसऱ्या बाजूला संपणार. आधी अमेरिका विणून होईल, मग अटलांटिक, मग आफ्रिका. यावेळी ग्राफ ४० ला ३० असाच आखलाय.

हिशोब करून बघितला तेव्हा अंगावर काटा आला. माझ्या कापडावर आफ्रिका २०६ चौरस इंच येणार. भारत २२. ग्रीनलँड १५ च्याही आत. महाराष्ट्र दोन चौरस इंचांना थोडा वर. आणि सोलापूर जिल्हा एका चौरस इंचाचा दहावा भाग, म्हणजे ग्राफवरची सव्वाशे घरं. अकरा तालुके त्या सव्वाशे घरांत!

आता एक शंका. नकाशा कुठं फाडायचा? डावी-उजवी कड कुठं येऊ दे? मधोमध सोलापूर आणलं तर? शाळा सोलापूरची आहे.

मोजणीदार, बुधवार सकाळी ६:५०

मोह मलाही झाला. त्याला एक आधारही आहे. आपले जुने ज्योतिषी रेखांश उज्जैनपासून मोजत. उज्जैन ७५.८ पूर्व, सोलापूर ७५.९. म्हणजे आपण उज्जैनच्या जवळजवळ नेमकं खाली दक्षिणेला, सहाशे किलोमीटरवर. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिच शून्य ठरलं, त्याआधी ज्याचं त्याचं वेगळं शून्य होतं. तेव्हा सोलापूर मधोमध ठेवणं यात चूक काही नाही.

पण कड कुठं येते बघा. ७६ पूर्व मध्ये ठेवलं तर कड १०४ पश्चिमेला येते. कॅनडा, अमेरिका, मेक्सिको तिन्ही मधोमध फाटतात. अर्धी अमेरिका डाव्या किनारीला, अर्धी उजव्या.

भूगोलबाई, बुधवार सकाळी ७:३०

काकांशी सहमत. ग्रीनिच मधोमध ठेवलं तरी रशियाचा पूर्वेचा कोपरा तुटून पलीकडे जातो. ११ पूर्व मध्ये ठेवा. कड १६९ पश्चिमेला, बेरिंगच्या सामुद्रधुनीतून जाते. खालचं अंटार्क्टिका सोडलं तर मोठा भूभाग कुठलाच फाटत नाही, फक्त पाणी फाटतं. आपलं शहर मधोमध नसलं तरी चालेल, मुलांनी दुसऱ्याचा देश अखंड बघावा.

ताणाबाणा, बुधवार रात्री १०:०५

ठरलं, ११ पूर्व. सोलापूर डाव्या कडेपासून सुमारे ६१ इंचांवर येईल. त्या दिवशी मी स्वतः मागावर उभा राहणार.

शेवटचं एक. खालच्या कोपऱ्यात दोन ओळी विणायची जागा आहे. शाळेनं त्यांचं नाव घाला म्हटलंय, ते एका ओळीत होईल. दुसऱ्या ओळीत हा नकाशा काय राखतो आणि काय राखत नाही ते लिहायचंय. नकाशाखाली असं लिहिलेलं मी आजवर कुठल्या शाळेत बघितलं नाही. बाई, तुम्हीच सुचवा. थोडक्यात हवं, अक्षर एक इंचाचं आहे.

भूगोलबाई, बुधवार रात्री १०:४०

"या नकाशात क्षेत्रफळं खरी आहेत. आकार, अंतरं, दिशा गोलावर बघा."

दर्यावर्दी, बुधवार रात्री १०:५२

उत्तम. आणि शाळेला सांगा, कापडाच्या शेजारी खिळ्याला एक दोरा बांधून पृथ्वीगोल ठेवा.

ताणाबाणा, गुरुवार सकाळी ८:२०

हीच ओळ घेतो. दोऱ्याचं मी बघतो, सुताची काय कमी आहे आपल्याकडं. रात्री ओळ ग्राफवर उतरवून बघितली. "क्षेत्रफळं" आणि "अंतरं" वरच्या अनुस्वाराला एकच घर दिलं तर लांबून दिसत नाही. रुंदीत चार आणि उंचीत तीन अशी घरं देतोय, म्हणजे मागच्या बाकावरूनही वाचता येईल.

मोजणीदार, गुरुवार सकाळी ८:४५

नकाशा मागावर आडवा आहे ना? मग अनुस्वाराची घरं उलटी द्या, ताण्याच्या बाजूनं तीन आणि आडवी चार. नाहीतर अनुस्वार अंड्यासारखा येईल.

ताणाबाणा, गुरुवार सकाळी ८:५२

काका, वाचवलंत. ग्राफ परत काढला.